सहाव्या आलेल्या घोड्याला पहिली पसंती का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पुण्यातील रविवारच्या रेसेसविषयी मी जे लिहिले, त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. आपला मुख्य आक्षेप चौथ्या रेसच्या अंदाजावर आहे. 1200 मीटरच्या या रेसमधला दोन नंबरचा घोडा तीन आठवड्यांपूर्वी याच मैदानावर, याच अंतरावर पावणेदोन लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या शरीराच्या लांबीइतके अंतर) जिंकला, तर सात नंबरचा घोडा त्याच दिवशी दुसऱ्या एका रेसमध्ये सहावा आला. तरीही मी सात नंबरला पहिली, चार नंबरला दुसरी आणि दोन नंबरला तिसरी पसंती दिली, हे आपल्या मते निव्वळ वेगळे काही सांगण्याच्या हौसेपोटी झाले. पाचशे किलोच्या जनावराच्या पाठीवर चार किलो वाढले म्हणून काय बिघडते, असे आपण विचारता. शेवटी आपण लिहिता की हा सगळा नशिबाचा खेळ असून त्याला अभ्यासाचा मुलामा देऊन मी वाचकांना जुगाराकडे ढकलतो. रेसेस अजून व्हायच्या आहेत आणि निकाल आपल्याला ठाऊक नाही तसा मलाही नाही, म्हणूनच हे उत्तर आजच लिहिणे मला आवश्यक वाटले.

चौथी रेस चौथ्या श्रेणीची, म्हणजे 20 ते 46 रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे घोड्याच्या कुवतीला दिलेले गुण) घोड्यांची हँडिकॅप रेस, म्हणजे कुवतीप्रमाणे कमीजास्त वजन देऊन धावायची रेस आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो या हिशेबाने हँडिकॅपर, म्हणजे वजनवाटप करणारा अधिकारी, प्रत्येक घोड्याने पाठीवर वाहायचे वजन ठरवतो. जो घोडा जिंकतो त्याचे रेटिंग चढते, जो मागे पडतो त्याचे उतरते, आणि सगळे घोडे विनिंग पोस्टपाशी एका रेषेत यावेत असा त्या वाटणीमागचा हेतू असतो. दोन नंबर जिंकला तेव्हा त्याचे रेटिंग 32 होते आणि पाठीवर 55 किलो होते. आता रेटिंग 40 झाले असून त्याला 59 किलो घेऊन धावायचे आहे. म्हणजे घोडा तोच असला तरी रविवारी त्याच्यापुढे असलेले काम तीन आठवड्यांपूर्वीचे नाही. इंडियन सेंट लेजर किंवा इंडियन डर्बीसारख्या क्लासिक रेसमध्ये घोडींना मिळणारी ठरावीक सवलत सोडली तर सगळे समान वजनाने धावतात, तेव्हा 'गेल्या वेळी कोणी कोणाला हरवले' हा आपला निकष तिथे पुष्कळ अंशी चालतो. हँडिकॅपमध्ये तोच निकष लावला तर हँडिकॅपरने केलेले काम आपण हिशेबातूनच वगळतो.

चार किलोंचे नेमके काय होते, हे चार नंबरच्या घोड्यावरून उत्तम कळते. गेल्या रेसमध्ये दोन नंबरच्या मागे दुसरा आला तो हाच. त्या दिवशी त्याच्या पाठीवर 57 किलो होते आणि रविवारीही 57 किलोच आहेत. म्हणजे त्या दिवशी तो दोन नंबरपेक्षा दोन किलो जास्त वाहत होता, आता दोन किलो कमी वाहणार आहे. दोघांमधला फरक एकूण चार किलोंनी फिरला. कमी अंतराच्या रेसमध्ये दीड किलो म्हणजे एक लेंग्थ, मैलाच्या आसपास एक किलो म्हणजे एक लेंग्थ, असा जाणकारांचा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने चार किलो म्हणजे अडीच लेंग्थहून थोडे अधिक, आणि दोघांमधले अंतर होते पावणेदोन लेंग्थ. दोन नंबर मागच्या रेसपेक्षा आणखी सुधारला असेल तर हे गणित तो मोडू शकेल. पण तशी सुधारणा झाल्याची खूण मला त्याच्या सकाळच्या सरावात दिसलेली नाही.

पाचशे किलोंच्या जनावराला चार किलो म्हणजे काहीच नाही, हे म्हणणे वरवर पटण्याजोगे आहे, कारण ते वजन एक टक्क्याहूनही कमी भरते. पण 1200 मीटरची रेस साधारण सत्तर-बहात्तर सेकंदांत संपते आणि एका लेंग्थला सेकंदाचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा लागतो. सत्तर सेकंदांतील एक टक्का म्हणजे 0.7 सेकंद, आणि तेवढ्यात घोडा चार लेंग्थ पुढे निघून जातो. वजन एक टक्का वाढले की वेळही बरोबर एक टक्काच वाढते असा काही काटेकोर नियम नाही, परंतु ज्या खेळात निकाल शॉर्ट हेडने, म्हणजे घोड्याच्या डोक्याहूनही कमी अंतराने लागतात तिथे एक टक्का ही क्षुल्लक गोष्ट नाही, एवढे यावरून कळावे. शिवाय हे वजन कसे असते तेही पाहावे. रेसच्या आधी जॉकी खोगीर घेऊन काट्यावर बसतो आणि वजन कमी भरले तर खोगिराखालच्या कापडी कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरे केले जाते. जॉकीचे अंग घोड्याच्या टापेबरोबर पुढे झुकते, हलके होते. शिसे मात्र प्रत्येक झेपेला जसेच्या तसे पाठीवर बसते. रेस संपल्यावर पुन्हा काट्यावर तोच हिशेब तपासला जातो. नगण्य वजनासाठी जगभरच्या टर्फ क्लबांनी एवढा खटाटोप चालवला नसता.

'मॅन ओ' वॉर' या अमेरिकन घोड्याने आयुष्यात 21 रेसेस धावून 20 जिंकल्या. जी एकच हरला ती 13 ऑगस्ट 1919 रोजी साराटोगाला धावलेली सॅनफर्ड मेमोरियल. त्या दिवशी त्याच्या पाठीवर 130 पौंड, म्हणजे 59 किलो होते, आणि त्याला हरवणाऱ्या 'अपसेट'च्या पाठीवर 115 पौंड, म्हणजे 52 किलो. मॅन ओ' वॉरची सुरुवातही त्या दिवशी फार वाईट झाली होती, त्यामुळे सगळे श्रेय वजनाला देणे चुकीचे ठरेल. परंतु इतर वेळी अपसेट त्याला कधीही हरवू शकला नाही, आणि सात किलोंचा फरक नसता तर त्या दिवशीही हरवू शकला असता असे मला वाटत नाही.

आता सात नंबरविषयी, कारण आपला खरा राग त्याच्यावर आहे. तो सहावा आला हे खरे, पण तो सहावा कसा आला हे रेसबुकातल्या एका आकड्यावरून कळत नाही. ती रेस 1600 मीटरची होती आणि हा घोडा त्याआधी मुंबईच्या सीझनमध्ये 1200 मीटरवर दुसरा आलेला होता; लांब अंतर त्याला झेपते का, हे पाहण्यासाठीच ट्रेनरने त्याला तिथे उतरवले असावे. त्याला सुटण्यासाठी अकरावे, म्हणजे आतल्या कठड्यापासून बरेच बाहेरचे गेट मिळाले. सुटल्यावर आत शिरायला जागा मिळाली नाही आणि सबंध वळण त्याला इतर तीन घोड्यांच्या बाहेरून घ्यावे लागले. अर्धवर्तुळाकार वळण आतल्या रेलपासून (कठड्यापासून) तीन मीटर बाहेरून घेतले तर सुमारे साडेनऊ मीटर, म्हणजे जवळजवळ चार लेंग्थ जास्त धावावे लागते. इतके असूनही शेवटचे 300 मीटर उरेपर्यंत तो पहिल्या तिघांत होता, आणि विजेत्यापासून सुमारे सहा लेंग्थ मागे राहिला. आता तो 1200 मीटरवर परत आला आहे, गेट तिसरे आहे, आणि मागच्या पराभवामुळे रेटिंग 36 वरून 30 वर आल्याने पाठीवर फक्त 54 किलो आहेत. शेवटची रेस हीच घोड्याची खरी पात्रता मानायची असती, तर 1973 साली केंटकी डर्बीच्या दोन आठवडे आधी वुड मेमोरियलमध्ये तिसरा आलेल्या 'सेक्रेटेरियट'कडे लोकांनी पाठ फिरवायला हवी होती. त्याच्या ओठाच्या आत गळू झाले होते. डर्बी त्याने 1 मिनिट 59.4 सेकंदांत जिंकली, आणि तो विक्रम आजही अबाधित आहे.

सकाळच्या सरावाविषयी आपण 'छापून येणाऱ्या वेळा सगळेच वाचतात' असे लिहिले आहे. वेळा सगळेच वाचतात, ते योग्यच आहे. पण वेळ ही अर्धीच माहिती असते. मंगळवारी वाळूच्या ट्रॅकवर सात नंबरने 600 मीटर 38 सेकंदांत काढले आणि आणखी एका घोड्याचीही तीच वेळ आली. त्या दुसऱ्या घोड्याला शेवटच्या दोनशे मीटरमध्ये दोनदा चाबूक दाखवावा लागला. सात नंबरवरचा रायडिंग बॉय मात्र लगाम आखडून, दोन्ही मुठी घोड्याच्या मानेला टेकवून स्थिर बसला होता, आणि काम संपल्यावरही घोडा थांबायला तयार नसल्यामुळे त्याला पुढच्या वळणापर्यंत जावे लागले. मोतद्दाराच्या हाती आला तेव्हा घोड्याचा श्वास लवकर बसलेला होता. दोन घोड्यांपुढे छापलेला आकडा एकच, पण मला त्यात दोन निराळ्या प्रकृती दिसल्या.

तबेल्याच्या पहिल्या जॉकीने दोन नंबर निवडला, हा आपला मुद्दा वजनदार आहे आणि मी तो विचारात घेतला होता. पण ज्या घोड्यावर नुकतीच रेस जिंकली तो जॉकी सहसा सोडत नाही, आणि मालकाचा शब्दही असतो. म्हणून त्या निवडीला मी इतर गोष्टींपेक्षा कमी महत्त्व दिले.

नशिबाविषयी एवढेच म्हणतो की हा केवळ नशिबाचा खेळ असता, तर दहा घोड्यांच्या रेसमध्ये फेव्हरिट, म्हणजे ज्यावर लोकांचे सर्वाधिक पैसे लागले तो घोडा, दहातून एकदा जिंकला असता. प्रत्यक्षात जगभरच्या मैदानांवर फेव्हरिट साधारण तीनातून एकदा जिंकतो. याचा अर्थ लोकांच्या अभ्यासाला काही एक आधार असतो. आणि उरलेल्या दोन वेळा तो हरतो, याचा अर्थ त्या अभ्यासाला मर्यादाही असते. माझी पहिली पसंती म्हणजे हमी नव्हे. उपलब्ध माहितीवरून कोणाची शक्यता सर्वांत अधिक, याचे ते उत्तर आहे. सात नंबरची शक्यता मी तीनात एकाहून अधिक मानत नाही, म्हणजे माझ्याच हिशेबाने तो न जिंकण्याची शक्यता दुप्पट आहे.

जुगाराचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांच्या रेसेस हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला, हे आपण जाणताच. पण न्यायालयाचा निर्णय दाखवून मी आपले तोंड बंद करू इच्छित नाही, कारण पैजेपायी घरे बसलेली मीही पाहिली आहेत. म्हणूनच माझ्या लेखांत कोणत्या घोड्यावर किती लावावे हे कधी नसते, 'लागलाच म्हणून समजा' अशी भाषा नसते, आणि जॅकपॉटची, म्हणजे अनेक रेसेसचे विजेते एकत्र ओळखण्याच्या पैजेची, जुळणी मी कितीही विनंत्या आल्या तरी देत नाही. सप्टेंबर 2025 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी लागतो. शंभर रुपयांवर चाळीस रुपये कर भरून वर्षाअखेर फायद्यात राहणे कितीही अभ्यासू माणसाला जवळजवळ अशक्य आहे, हे मी यापूर्वीही लिहिले असून यापुढेही लिहिणार आहे. ज्याला उपजीविकेचे किंवा कर्जफेडीचे साधन म्हणून रेसकोर्सवर यायचे आहे त्याने कृपया येऊ नये. मी लिहितो ते ज्यांना एक पैसाही न लावता चौथी रेस डोळे उघडे ठेवून पाहायची आहे त्यांच्यासाठी, आणि असे लोक पुण्यात पुष्कळ आहेत.

माझा क्रम कोणत्या परिस्थितीत बदलेल, तेही आताच सांगून ठेवतो. पुण्याचा सीझन पावसाळ्यातला, आणि शनिवारी रात्री जोराचा पाऊस झाला तर जमीन मऊ होईल. सात नंबरची चाल सपाट आहे, तो पाय फारसा उचलत नाही. अशा घोड्याला घट्ट जमीन मानवते. चार नंबर गुडघे उंच उचलून धावतो आणि ओल्या मैदानात त्याचे पाय रुतत नाहीत. त्यामुळे रविवारी सकाळी पेनेट्रोमीटरचे (जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन आजच्यापेक्षा स्पष्ट वाढलेले दिसले, तर मी चार नंबरला पहिल्या आणि सात नंबरला दुसऱ्या स्थानी ठेवीन आणि तसा बदल पहिल्या रेसच्या आधी इथेच नोंदवीन. फॉल्स रेल, म्हणजे मैदानावरचा हलवता येणारा कठडा, पुढे-मागे सरकवली गेली तर तिसऱ्या गेटचा फायदाही पुन्हा तपासावा लागेल. दोन नंबर दोन्ही परिस्थितींत माझ्या मते तिसराच राहतो. आपण मैदानावर येणार असाल तर चौथ्या रेसआधी पॅडॉकमध्ये (रेसपूर्वी घोडे फिरवून दाखवतात त्या आवारात) सात नंबरची मान आणि मागच्या पायांमधली जागा अवश्य पाहावी. मुंबईत तो दुसरा आला त्या दिवशी तिथे घामाचा पांढरा फेस आला होता, आणि तसा फेस रविवारीही दिसला तर माझ्या पहिल्या पसंतीवर आपण खुशाल अविश्वास ठेवावा.