ह्यो बाद कवा झाला?

आज संध्याकाळी माझ्या मुलानं त्याचा मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडायचं पेंटबॉलचं यंत्र, विकायला काढला. गॅरेजमधल्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून, दिवा जवळ ओढून फोटो काढत बसला होता. काय रे, विचारलं तर मान वर न करता म्हणाला, "बाबा, पुढच्या मोसमात नाही खेळत. परवडत नाही."

एकवीस वर्षांचा आहे. सात वर्षं पेंटबॉल खेळतोय, रंगाच्या गोळीनं समोरच्याला बाद करायचा खेळ. स्पर्धेतला, वाढदिवसाच्या पार्टीतला नव्हे. चांगलं खेळतो म्हणून वरच्या गटात गेला, आणि जितका वर गेला तितका खर्च वाढला. प्रवेश फी, विमान, हॉटेल आणि पेंट, म्हणजे गोळ्या. दोन हजार गोळ्यांचा खोका सरावाच्या एका दिवसात उडतो. फ्लोरिडाच्या दमट हवेत जिलेटिनचं कवच फुगतं, गोळी नळीतच फुटते, म्हणून आमच्या घरात एसीची सगळ्यात चांगली खोली पेंटच्या खोक्यांना दिलेली. देशातल्या चांगल्या पोरांत गणना व्हावी आणि खेळायचे पैसे त्यानंच भरावेत, हे माझ्या डोक्यात काही केल्या बसत नाही. अगदी वरच्या मोजक्या खेळाडूंना पैसे मिळतात, मान्य. बाकीच्यांनी काय करायचं?

मला आज सारखे अण्णा आठवतायत. २०१९ च्या नोव्हेंबरात ते तासगावहून आले होते आणि मी त्यांना इथे फ्लोरिडातल्या किसिमीला पेंटबॉलचा वर्ल्ड कप बघायला नेलं. अण्णा म्हणजे जुने कबड्डीवाले. डावा कोपरा सांभाळायचे, गुडघ्याला अजून त्याची खूण आहे. जाळीला खुर्ची लावून बसले, टोपी नीट केली, दोन्ही हात काठीवर. शिट्टी झाली. दोन्ही बाजूंनी पाच-पाच जण सुटले, फुगवलेल्या बंकरांमागे गडप झाले आणि कानठळ्या बसवणारा तडतडाट सुरू झाला. पंधरा सेकंदांत एक पोरगा डोक्यावर हात ठेवून मैदानाबाहेर चालू लागला.

अण्णा म्हणाले, "आरं, ह्यानं डोक्याला हात का लावला?"

मी म्हटलं, "अण्णा, तो बाद झाला. बाद झालं की असं बाहेर पडायचं असतं."

"ह्यो बाद कवा झाला?"

मला सांगता आलं नाही. मलाही दिसलं नव्हतं.

या खेळाचं सगळं दुखणं अण्णांच्या त्या एका प्रश्नात आहे. इतकी वर्षं हा खेळ टीव्हीवर न्यायचा, स्टेडियम भरायचं अशी स्वप्नं बघितली जातायत, आणि बघणाऱ्याला कोण कधी बाद झाला हे अजून कळत नाही! गोळी अर्ध्या इंचाहून थोडी मोठी, वेग सेकंदाला ३०० फुटांपर्यंत. पाच ठिकाणी एकाच वेळी पाच गोष्टी घडतात. कॅमेरा एकीकडे बघेपर्यंत दुसरीकडे डाव संपलेला असतो. कबड्डीत चढाई करणारा एकटा येतो, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. इथे डोळे लावायचे कुणावर?

मुळात हा खेळ बघण्यासाठी जन्मालाच आला नव्हता. २७ जून १९८१, न्यू हॅम्पशायरमधलं हेनिकर गाव. बारा माणसं जंगलात शिरली. हातात झाडांवर नि गुरांवर खुणा करायचं रंगाचं पिस्तूल. (खेळाडू म्हणूनच 'मार्कर' म्हणतात, बंदूक म्हटलेलं त्यांना आवडत नाही.) जिंकला कोण? जंगलात काम करणारा एक माणूस. त्यानं सगळे झेंडे गोळा केले आणि एकही गोळी झाडली नाही. कुणाला दिसलाच नाही म्हणून जिंकला. लपणं हीच ज्याची कला, त्याची तिकिटं विकायची म्हणजे केवढं अवघड काम, हे मला समजतं.

आणि प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. नव्वदच्या दशकात फुगवायचे बंकर आले, खेळ जंगलातून मोकळ्या मैदानात आला. मग एक्सबॉल हा नवा प्रकार आला. एकदा बाद म्हणजे संपलं असं नाही, पुन्हा पुन्हा डाव, गुणफलक, कोच, पिट (खेळाडूंची थांबायची जागा). त्यात तर प्रेक्षकांनी ओरडून आपल्या खेळाडूंना सांगायची मुभा होती, समोरचे किती उरलेत, कुठे लपलेत. केवढी सुंदर गोष्ट! प्रेक्षक नुसता प्रेक्षक नाही, सहावा गडी. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "आमच्या गावच्या सामन्यात असंच असायचं, पंचालासुद्धा गावच सांगायचं."

मग बिघडलं कुठे? माझं मत ऐका. आपापसांत भांडले. एनपीपीएल ही लीग एकीकडे, पीएसपी ही लीग दुसरीकडे. एकीकडे सात-सात खेळाडू, दुसरीकडे पाच-पाच. नियम वेगळे, विजेते वेगळे. आधीच कुणाला न कळणारा खेळ, त्यात खरा विजेता कोण हेही कळेना. ईएसपीएनवर अधूनमधून दाखवून झालं, टिकलं नाही. एनपीपीएल गेली, पीएसपीही गेली, २०१५ पासून एनएक्सएल ही लीग आहे. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचच्या वाळूवर स्पर्धा भरवायचे, तेव्हा समुद्रावर फिरायला आलेला कुणीही थांबून बघत उभा राहायचा. तो वाटेवरचा माणूस हवा होता! त्याला सोडून हे पुन्हा आपल्याच माणसांत जाऊन बसले.

त्या दिवशी किसिमीला स्टँडमध्ये मी मागे वळून बघितलं. जवळपास प्रत्येकाच्या अंगात जर्सी. म्हणजे कोण? खालच्या गटांतले खेळाडू, आपला सामना संपवून बसलेले. त्यांच्या आया, मैत्रिणी. शुद्ध बघायला आलेला माणूस बहुतेक एकटे अण्णा. आणि जाहिराती? मार्कर बनवणारे, पेंट बनवणारे, मास्क बनवणारे. खेळणाऱ्याच्याच खिशातून पैसे काढायचे आणि त्यालाच म्हणायचं, बघ, तुझा खेळ किती मोठा झाला! पोरं जेवढ्या गोळ्या उडवतील तेवढा धंदा. मग बघणाऱ्याची काळजी कोण कशाला करील? राग येतो हो. माझ्या मुलाच्या सात वर्षांचा हिशेब मी आज मनात मांडला आणि खरंच हात थरथरले.

कुणी म्हणेल, कबड्डी आपल्या मातीतली, कोट्यवधी लोकांनी शाळेत खेळलेली, तिच्याशी तुलना कशाला. ठीक आहे, बरोबर आहे. पण २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा टीव्हीवर चालेल असं किती जणांना वाटलं होतं? मॅट आली, कॅमेरे खाली आले, चढाईचे ३० सेकंद पडद्यावर उलटे पळू लागले. माझ्या मुंबईच्या मेहुणीला कबड्डीतलं काही कळत नव्हतं, ती आज 'सुपर टॅकल' ओरडते. इथेही पाच खेळाडूंचे पाच दिवे लावा ना मैदानाच्या दोन्ही टोकांना. एक बाद, एक दिवा बंद. वेबवरचे समालोचक जीव ओतून बोलतात, पण खेळाडूंच्याच भाषेत. स्नेक, डोरिटो, ब्रेकआउट. अण्णांना कळेल असं बोला!

मास्क काढता येत नाही, चेहरे दिसत नाहीत, जाळी हटवता येत नाही. डोळ्यांचा प्रश्न आहे, तिथे मी काही बोलणार नाही. आणि ज्या देशात शाळेत गोळीबार झाला तर कसं लपायचं याची पोरांकडून तालीम करून घेतात, तिथे असला खेळ दाखवायला चॅनेलवाले बिचकतात, हेही खरं. पण आपल्याच मंडळातल्या एकानं गणपतीत सगळ्यांसमोर "बंदुकीचा नाद" म्हटलं होतं, ते मी विसरलेलो नाही. त्यानं एकदाही सामना बघितलेला नाही.

त्या दिवशी शेवटी माझ्या मुलाचा सामना होता. तो स्नेकमध्ये शिरला. स्नेक म्हणजे मैदानाच्या कडेला असलेली लांब, गुडघाभर उंचीची फुगवलेली भिंत, तिच्यामागून पोटावर सरपटत जायचं. आमच्या खुर्च्यांपासून दहा फुटांवर. अण्णांना त्याची पाठ दिसत होती, श्वासाबरोबर वरखाली होणारी. वरून गोळ्या फुटत होत्या, पिवळा रंग त्याच्या बुटांवर सांडत होता. तो थांबला. पुन्हा सरकला. 'फिफ्टी'जवळ, म्हणजे मधल्या रेषेशी, एकदम उठला आणि दोघांना टिपलं. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि काठी जाळीवर आपटून ओरडले, "शाब्बास रं वाघा!" आजूबाजूच्या पोरांना शब्द कळला नाही, पण तीही ओरडली.

बघितलंत? माणूस जवळ बसला, एकाच खेळाडूवर नजर ठेवली, आणि ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला अर्ध्या तासात हा खेळ कळला. वीस मिनिटं नीट समजावून सांगणारं कुणी हवं होतं, एवढंच.

आत्ता हे लिहिताना गॅरेजचा दिवा अजून चालू आहे. जाहिरात टाकली का, विचारायचा मला धीर होत नाही.

नोव्हेंबरात मी किसिमीला जाणार आहे, तो खेळत असो वा नसो. ओरलँडो, टँपाच्या बाजूला जे कुणी आहात त्यांनी खरंच या. मी जाळीला चार जास्तीच्या खुर्च्या लावून ठेवतो, आणि कोण कधी बाद झाला ते शेजारी बसून सांगतो.