कॉमर्सच्या मुलांना एक्सेल शिकवताय ना, मग त्यांच्या हातात खरी बिलं द्या

बी.कॉम.च्या कॉम्प्युटरच्या पेपरात अजूनही 'मेल मर्जच्या पायऱ्या लिहा', 'वर्कशीट आणि वर्कबुक यांतील फरक स्पष्ट करा' असले प्रश्न येतात. मुलं ते पेनानं कागदावर लिहितात आणि चांगल्या मार्कांनी पास होतात. मग तीच मुलं आमच्यासारख्यांच्या ऑफिसात कामाला येतात आणि पहिल्याच आठवड्यात गांगरून जातात. यात त्यांचा दोष नाही. जे शिकवलं ते त्यांनी मनापासून केलंय. शिकवायला हवं होतं तेच राहून गेलंय, आणि त्याबद्दल आज जरा सविस्तर लिहायचंय.

मी इचलकरंजीत जीएसटी आणि अकाउंट्सचं काम करते. सूत व्यापारी, सायझिंगवाले, यंत्रमागवाले, काही किराणा होलसेलवाले आणि पतसंस्था या आमच्या पार्ट्या. नवीन मुलगा किंवा मुलगी घेताना एक्सेल येतं का असं विचारलं की सगळेच हो म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. मग आम्ही त्यांना एक बँक स्टेटमेंट देतो. पीडीएफमधून एक्सेलमध्ये काढलेलं, पार्टीकडून जसं येतं तसंच. काम एवढंच की महिन्याभरात खात्यात एकूण किती जमा झाले ते सांगायचं.

मुलगी रकान्याच्या तळाशी जाते, समचा फॉर्म्युला लावते, एंटर मारते. उत्तर शून्य. वर शे-दीडशे रकमा दिसतायत आणि बेरीज शून्य! ती पुन्हा एंटर मारते. मग फॉर्म्युला पुसून नव्याने लिहिते. मग माझ्याकडे बघते. झालेलं असतं एवढंच की प्रत्येक रकमेच्या मागे 'सीआर' (क्रेडिट, म्हणजे जमा) चिकटलेलं असतं, किंवा डोळ्यांना न दिसणारी एक स्पेस असते. त्यामुळे आपल्याला आकडा दिसला तरी एक्सेलच्या लेखी ती नुसती अक्षरं असतात, आणि अक्षरांची बेरीज होत नाही. ओळखायची खूणही समोरच असते. खरा आकडा आपणहून रकान्याच्या उजव्या कडेला जातो, अक्षरं डावीकडे राहतात. हे एकदा कळलं की पुढची साफसफाई दोन मिनिटांची. फाइंड-रिप्लेसने सीआर काढा, ट्रिमने जादा स्पेस काढा, व्हॅल्यूने अक्षरांचा आकडा करा, झालं.

पण तिनं असा रकाना आयुष्यात कधी पाहिलेलाच नसतो. कॉलेजच्या लॅबमध्ये तिनं दहा विद्यार्थ्यांचे पाच विषयांचे मार्क टाईप केलेले असतात. त्याची टोटल, टक्केवारी, इफ लावून पास-नापास, शेवटी रंगीत पाय चार्ट. सगळं स्वतःच्या हातानं टाईप केलेलं, म्हणजे निवडून-पाखडून ठेवलेले तांदूळ. खडे वेचायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. धंद्यातला डेटा मात्र नेहमी दुसऱ्याच्या हातून येतो. बँकेतून, पोर्टलवरून, दुकानातल्या पोराच्या मोबाईलवरून. तो साफ कसा करायचा आणि साफ झाला की नाही ते कसं तपासायचं, ऑफिसातलं निम्मं काम हेच आहे.

जीएसटीचं उदाहरण घ्या. विकणाऱ्यानं ११ तारखेपर्यंत आपली विक्री जीएसटीआर-१ या रिटर्नमध्ये दाखवायची. त्यावरून १४ तारखेला घेणाऱ्याचं टू-बी, म्हणजे त्याच्या खरेदीच्या बिलांची पोर्टलवरची यादी, तयार होतं. आणि २० तारखेच्या आत त्यानं थ्री-बी, म्हणजे टॅक्सचा हिशेब देणारं महिन्याचं रिटर्न, भरायचं. (दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांबद्दल बोलतेय.) १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की जे बिल टू-बीमध्ये दिसतं त्याचंच क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या टॅक्सची वजावट) घेता येतं. म्हणजे १४ ते २० या दिवसांत प्रत्येक पार्टीचं खरेदी रजिस्टर एका बाजूला, टू-बी दुसऱ्या बाजूला, आणि बिल न् बिल जुळवायचं. एखादं बिल जुळलं नाही तर पार्टीचा टॅक्स खिशातून जातो. यंत्रमागवाल्याच्या हातात महिन्याला राहतं किती, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या एका बिलाची किंमत कळेल.

आता व्हीलुकअप (एका यादीतली नोंद दुसऱ्या यादीत शोधणारा फॉर्म्युला) लावला की निम्म्या बिलांपुढे 'एन-ए', म्हणजे सापडलं नाही, असं येतं. कारणं बघा. विकणाऱ्यानं बिल नंबर लिहिलाय 'एसवाय/०४५/२४-२५', आपल्या माणसानं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं '४५' मारलंय. कुणाचा बिल नंबर '१०-१२' आहे, एक्सेलनं त्याची १० डिसेंबर ही तारीख करून टाकलीय. जीएसटी नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडलाय. तारखा तर विचारूच नका. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असली की ५ जुलैचं बिल ७ मेचं होतं, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत, त्या डावीकडे चिकटून बसतात. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की जाणत्या माणसाला लगेच शंका येते.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्या महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. अक्षरं मोजणारा लेनचा फॉर्म्युला लावून उत्तर १६ आलं तर कुठेतरी स्पेस घुसलीय, १४ आलं तर अक्षर सुटलंय. मिडनं मधली दहा अक्षरं काढली की पॅन हातात. वर्गात लेन आणि मिड शिकवतात, पण 'कॉम्प्युटर' या शब्दाची अक्षरं मोजायला लावून. तेच जीएसटी नंबरावर शिकवलं असतं तर पोरं आयुष्यात विसरली नसती.

व्हीलुकअपची आणखी एक गोष्ट तर पहिल्याच तासाला ठणकावून सांगायला पाहिजे. शेवटी 'फॉल्स' लिहायचं राहिलं तर एक्सेल जवळपासचं उत्तर उचलतं आणि ते चुकीचं असलं तरी चूक म्हणून दाखवत नाही. लाल खूण नाही, एन-ए नाही, छान दिसणारा आकडा समोर. त्यापेक्षा एन-ए आलेलं कितीतरी बरं, निदान कळतं तरी. तसंच खाते नंबराचं. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक धरतं. सोळा आकडी बँक खाते नंबर तसाच टाईप केला तर शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो. पगाराची यादी बँकेला पाठवणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल तर? रकाना आधी टेक्स्ट करून घ्यायचा आणि मग नंबर भरायचे, एवढीच खबरदारी. कितीशी वाक्यं लागतात हे सांगायला?

कुणाला वाटेल, या बारीकसारीक गोष्टी आहेत, कामाला लागल्यावर शिकतील. मला ते पटत नाही. याच बारीकसारीक गोष्टींनी मोठमोठ्यांना घोळात घातलंय. २०२० मध्ये इंग्लंडात कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस सरकारी आकडेवारीतून गळाले होते, कारण माहिती जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये भरली जात होती आणि त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. आमच्या बिल नंबराची तारीख होते तशीच शास्त्रज्ञांच्या जनुकांच्या नावांचीही होत होती. शेवटी त्याच २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलावी लागली.

आणि मला सगळ्यात आवडणारं उदाहरण एका विद्यार्थ्याचं आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध लिहिला. देशाचं सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते, असा त्याचा मथितार्थ. देशोदेशींच्या नेत्यांनी खर्चकपातीच्या बाजूनं त्याचा दाखला दिला. पुढे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला कोर्समध्ये गृहपाठ होता, की एखाद्या छापून आलेल्या निबंधातली आकडेमोड स्वतः करून पाहायची. त्यानं हा निबंध घेतला. आकडे जुळेनात. मूळ एक्सेल फाइल मागवली, ती मिळाली, आणि त्यात दिसलं की सरासरीच्या फॉर्म्युल्यात ओळी अपुऱ्या घेतल्यायत, पाच देश बाहेर राहिलेत. बाकीही काही मुद्दे होते, कुठली वर्षं धरली, कुणाला किती वजन दिलं वगैरे. सगळं धरून हिशेब केल्यावर अशा जास्त कर्जाच्या देशांची उणे ०.१ टक्क्याची सरासरी वाढ २.२ टक्के झाली.

फॉर्म्युला कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत जातो, एवढंच बघायचं होतं. एफ-टू दाबलं की एक्सेल रंगीत चौकट काढून दाखवतं. आपल्या बी.कॉम.च्या मुलीलाही हे जमतं, फक्त तसा गृहपाठ तिला कुणी देत नाही. तिला चौकोनात आकडे भरायला सांगतात. दुसऱ्याची शीट देऊन 'यात चूक शोध' असं कुणी म्हणत नाही.

माझी मागणी साधी आहे. परीक्षा मशीनवर घ्या. प्रत्येकाला एक घाण झालेली फाइल द्या, ज्यात दोनदा आलेली बिलं आहेत, उलटसुलट तारखा आहेत, सीआर-डीआर चिकटलेल्या रकमा आहेत. दोन तास द्या. आणि मार्क निम्मे उत्तराला, निम्मे ताळ्याला. म्हणजे आलेली बेरीज बरोबर आहे हे तू कसं पाहिलंस? सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा नावे, ती अखेरच्या शिलकेशी जुळली का? नोंदी आधी किती होत्या आणि साफ केल्यावर किती राहिल्या? जुने दिवाणजी रोजमेळ लिहिताना शिल्लक जुळल्याशिवाय दुकानाचं शटर ओढू देत नसत. सॉफ्टवेअर आलं म्हणून ती शिस्त जुनी होत नाही.

प्राध्यापकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. लॅबमध्ये मशीन कमी, बॅच मोठी, त्यातली काही बंद, शिकवणारे बरेचजण तासिका तत्त्वावर, आणि अभ्यासक्रम वरून ठरून आलेला. पण नवीन शैक्षणिक धोरणानंतर कौशल्याचे वेगळे पेपर आलेत, ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे साठ तास. साठ तासांत कितीतरी होतं. परवान्याचा खर्च परवडत नसेल तर लिबर ऑफिसचं कॅल्क फुकट आहे आणि वर सांगितलेलं जवळजवळ सगळं काम त्यात होतं. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबर ऑफिसचे धडे मराठीतून आहेत, तेही फुकट. एमएस-सीआयटीनं २००१ पासून खेड्यापाड्यातल्या लाखो माणसांच्या हातात पहिल्यांदा माऊस दिला, त्याचं मोल मी कधीच कमी मानणार नाही. पण ती ओळख होती. कॉमर्सच्या पदवीनं त्याच्या पुढं जायला हवं.

टॅलीबद्दलही थोडं बोलते. बऱ्याच ठिकाणी मुलं एज्युकेशनल मोडवर शिकतात. त्यात ठरावीक तारखांचीच एंट्री होते, १, २ आणि ३१. शिकायला हरकत नाही, पण अशानं महिना कसा चालतो हे मुलाला दिसतच नाही. पाच तारखेला आलेला माल, बारा तारखेला परत गेलेली गाठ, वीस तारखेला मिळालेला अर्धा चेक हे सगळं एकाच दिवशी घडल्यासारखं होतं. निदान एका महिन्याचा खरा रोजमेळ त्याला वहीत तरी लिहायला लावा आणि मग टॅलीत घ्या. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहणं सक्तीचं आहे. 'चुकलं तर डिलीट मारू' या सवयीनं शिकलेलं पोर तिथं अडकतं. चुकीची एंट्री उलट एंट्रीनं कशी दुरुस्त करायची, हे अकाउंटन्सीच्या तासाला शिकवलेलं असतंच. ते कॉम्प्युटरच्या तासाला जोडलं जात नाही, एवढंच.

आणि मराठी! आमच्या भागात पतसंस्था, दूध संस्था, हाउसिंग सोसायट्या यांचा सगळा कारभार मराठीत चालतो. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, तिच्या आधी चौदा दिवसांची नोटीस प्रत्येक सभासदाला द्यायची. मेल मर्ज शिकवायला याहून चांगला धडा कुठला? सभासदांची यादी एक्सेलमध्ये, नोटीस वर्डमध्ये, नाव, सभासद क्रमांक, शेअर्सची रक्कम आपोआप. पण आलेल्या मुलांना युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसेल असं, मराठी टाईप करता येत नाही. जुन्या फॉन्टमधली यादी दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात, त्याचं काय करायचं ते माहीत नसतं. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड महिन्याभराच्या सरावानं हाताला बसतो, आणि ज्या मुलीला तो येतो तिला आमच्या गावात काम शोधत फिरावं लागत नाही.

हल्ली काहीजण म्हणतात, आता एआय फॉर्म्युला लिहून देतं, शिकायचं कशाला? लिहून देतं, खरंय, आम्हीही वापरतो. पण बिल नंबराची तारीख झालीय, दोन पार्ट्यांची नावं सारखी आहेत, सुताच्या व्यापाऱ्यानं डेबिट नोट वेगळ्या महिन्यात दाखवलीय, हे फाइल वाचणाऱ्यालाच कळतं. थ्री-बी भरलं की जबाबदारी पार्टीची आणि आपली. नोटीस आली की उत्तर आपल्यालाच द्यायचं असतं.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागातल्या कुणा प्राध्यापकांना वर्गासाठी अशा सरावाच्या फाइल्स हव्या असतील तर मला मेसेज करा. बँक स्टेटमेंट, खरेदी रजिस्टर, टू-बी आणि सभासद यादी असा संच मी करून देईन. पार्ट्यांची नावं, जीएसटी नंबर, खाते नंबर, रकमा सगळं बदललेलं असेल, चुका मात्र खऱ्या असतील. त्यातली कुठली चूक कुठे आहे याची वेगळी शीट फक्त शिक्षकांसाठी देईन. वर्गात येऊन एक प्रॅक्टिकल घ्यायलाही तयार आहे, फक्त महिन्याच्या २० तारखेनंतरचा दिवस ठरवा.