गाडी बसली

काल आमच्या वॉचमननं आधी माझ्या बायकोकडे बघितलं, मग गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडे, आणि काही न बोलता गेट उघडलं. त्यापेक्षा तो बोलला असता तर परवडलं असतं. दोन महिन्यांपूर्वी माझ्या वेळेला बोलला होता. "साहेब, गाडी तुमच्या बाजूला कललीय," आणि वर काळजीच्या सुरात, "वजन वाढलं का हो?"

माझं वजन ९२ किलो आहे आणि गेली सहा वर्षं ते ९२च आहे. गाडी मात्र नवी. म्हणजे मला नवी, एरवी ११ वर्षांची. लाल, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार, मागच्या सीटवर एक छत्री आणि भाजीची पिशवी मावते. चाळिशी उलटली की लोक मॅरेथॉन पळायला लागतात, मी ही घेतली. का घेतली ते घरात सांगून झालंय, पुन्हा सांगत नाही.

तर गाडी उजवीकडे कलली होती हे खरं. शिवाय आवाज येत होते. गतिरोधकावरून उतरताना 'कट्ट', आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढून कुठूनतरी 'टंग्', तंबोऱ्याची तार तुटावी तसा. गॅरेजवाल्यानं एक चक्कर मारली आणि लिंक रॉड बदलला. ४,८०० रुपये. आवाज तसाच. मग म्हणाला, चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, गेलंय, पण ह्या गाडीचा बुश सुटा मिळत नाही, अख्खा आर्मच घ्यावा लागतो. १६,५००. आवाज तसाच. मग दोनदा अलाइनमेंट. दर वेळी बिलाखाली पेननं 'ओके' लिहिलेलं असायचं. कोणाचं ओके, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाबद्दल मात्र बोलणार आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, ताशी २५ किलोमीटरनं जाणारी गाडी सुखानं पलीकडे जावी म्हणून. आमचा मी टेपनं मोजला. उंची १४ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम दीड फूट. ह्याला गतिरोधक म्हणणं म्हणजे भिंतीला उंबरा म्हणणं. कोणी बांधला, कोणालाच माहीत नाही. एका सकाळी होता, बस. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून १२ सेंटिमीटरवर. त्यामुळे मी रोज दोनदा, सापानं कात टाकावी तसा, तिरका तिरका सरपटत जातो आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो. रस्ता कर मीही भरतो. पण ते असो. मोजत होतो तेव्हा एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "अजून थोडा उंच करा हो, पोरं फार जोरात जातात."

आता अण्णा.

अण्णा तळमजल्यावर राहतात. हयात दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये गेली. त्यामुळे जगात जे जे चाकांवर चालतं त्यावर त्यांचा हक्क, आणि त्यातलं जे एसटी नाही ते खेळणं. रविवारी सकाळी मी गाडीपाशी उकिडवा बसून मोजत होतो. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत डावीकडे ३६ सेंटिमीटर, उजवीकडे ३३. रिकामी गाडी, कुलूप लावलेली. हा पुरावा मला वॉचमनला दाखवायचा होता. पण आले अण्णा.

"पाटा तुटलाय."

"अण्णा, ह्या गाडीला बससारखे पट्ट्यांचे पाटे नसतात."

"पाटे नाहीत? मग उभी कशावर आहे?"

"स्प्रिंगवर."

"स्प्रिंग पेनात असते," अण्णा म्हणाले.

मी टेप पुढे केला. "हे बघा, आत कोणी नाही तरी तीन सेंटिमीटर खाली आहे. म्हणजे माझ्या वजनाचा काही संबंध नाही."

"रोज बसून बसून बसलीय ती. गादी नाही का बसत? माणूस उठला म्हणून गादी लगेच वर येते होय?"

ह्याला उत्तर नसतं. तरी मी गाडी घेतल्यापासून रात्री जागून जे जे वाचलं होतं ते ओतायला लागलो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं १९४०च्या दशकात शेवरोलेच्या एका छोट्या, स्वस्त गाडीसाठी पुढच्या स्प्रिंगच्या रचनेवर डोकं लावलं. ती गाडी बाजारात आलीच नाही. मग तो फोर्डमध्ये गेला आणि १९५०च्या फोर्ड कॉन्सलच्या पुढच्या चाकांना ही रचना बसली. शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, दोन्ही मिळून एकच खांब. (समोरच्या फ्लॅटवाल्यांच्या अल्टोलाही पुढे हेच असतं, हे मला पैसे देऊन झाल्यावर कळलं. अण्णांना सांगितलं नाही.)

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "तो इथे आला होता का कधी?"

"कोण?"

"तोच, तुमचा फर्सन. आपले रस्ते बघायला?"

मी नाही म्हणालो. "मग झालं तर," म्हणून अण्णांनी लेंगा वर खोचला आणि उजव्या मडगार्डवर दोन्ही तळहात टेकले. ही परीक्षा खरी असते. कोपरा दाबून सोडायचा. गाडी एकदा वर येऊन जागेवर थांबली तर शॉकअप ठीक, होडीसारखी डुलत राहिली तर गेला. अण्णांनी दाबलं, सोडलं. गाडी वर आली आणि थांबली.

"शॉकअप चांगला आहे," अण्णा म्हणाले, पण नाराजीनं.

"ह्यात स्प्रिंगचं काही कळत नाही पण," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं. अण्णांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मग त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळेला तर पायाच्या टाचा उचलून, "ह्याऽऽ" करून सगळा भार टाकला. वॉचमन खुर्ची सोडून बघायला आला. आणि खालून आवाज आला, 'टण्ण'.

सिमेंटवर लोखंडाचा एक तुकडा पडला होता. करंगळीएवढा जाड, चार बोटं लांब, फुटक्या कड्यासारखा वाकडा. स्प्रिंगच्या सगळ्यात खालच्या वेढ्याचं टोक. वरचा काळा रंग पापुद्र्यांनी सुटलेला. वेढा शॉकअपवरच्या वाटीत बसतो, त्या वाटीत चिखल आणि पावसाचं पाणी साचतं, रंग उडाला की गंज धरतो आणि एखाद्या दणक्याला लोखंड तडकतं. स्टिअरिंग फिरवलं की तुटकं टोक अडकायचं आणि उडी मारून सुटायचं, तोच माझा 'टंग्'. चाक काढून त्या वाटीत बॅटरी मारली असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. २१,३०० रुपयांत कोणी बॅटरी मारली नव्हती.

मी तुकड्याचं तोंड निरखून बघितलं. ताजं तुटलेलं लोखंड चकचकीत दिसतं. हे लालभडक गंजलेलं होतं, म्हणजे तुटून कितीतरी दिवस झालेले. माझी फार इच्छा होती की ते चकचकीत असावं. निदान अण्णांवर आळ तरी घेता आला असता.

"बघा," अण्णा वॉचमनला म्हणाले, "हात लावल्याबरोबर सापडलं." वॉचमननं मान डोलावली आणि माझ्या पोटाकडे बघितलं.

पुढचं लवकर सांगतो. गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, नाना पेठेत, नवी स्प्रिंग विचारली तर दुकानदारानं गाडीचं नाव ऐकून नुसताच पंखा वाढवला. शेवटी बाहेरून मागवली, तीन आठवडे आणि १३,४००. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, स्प्रिंग जोडीनं टाका." इतके दिवस त्याचं सगळं ऐकलं होतं, त्यामुळे नेमकं हेच ऐकायचं नाही असं मी ठरवलं. तुटली एक, टाकायची एक. तो अख्ख्या व्यवहारात एवढं एकच बरोबर बोलला.

आता उजवीकडे कोरी ताठ स्प्रिंग आणि डावीकडे ११ वर्षं दमलेली. मोजलं, उजवीकडे साडेसदतीस, डावीकडे ३६. गाडी डावीकडे कललीय. डावीकडे बायको बसते. कालच्या त्या नजरेनंतर ती आज रिक्षानं गेली आणि जाताना सांगून गेली की डावी स्प्रिंग येईपर्यंत रिक्षानंच जाणार, भाडं मी द्यायचं.

तो तुकडा अण्णांकडे आहे. सकाळी बाकावर बसून पेपर वाचतात तेव्हा वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून वर ठेवतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उचलून दाखवतात. मी परवा परत मागितला.

"थांबा हो," अण्णा म्हणाले, "दुसरा पडला की जोडीनंच देतो."