जाहिरात मागे घेतली, पुढे काय?

अपंगत्वावरची एखादी भीषण जाहिरात येते, ओरड होते, संस्था ती काढून टाकते आणि सगळे पांगतात. इथेच आपलं चुकतं असं माझं ठाम मत आहे.

डिसेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चाइल्ड स्टडी सेंटरने होर्डिंग लावली. मजकूर खंडणीच्या चिठ्ठीसारखा: ‘तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे’, आणि खाली सही, ‘ऑटिझम’ (स्वमग्नता). पालकांनी मुलांना वेळेत तपासणीला न्यावं, हा म्हणे हेतू. स्वतः ऑटिस्टिक असलेले कार्यकर्ते एरी नीमन आणि त्यांच्या ऑटिस्टिक सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्क या ऑटिस्टिक लोकांनीच चालवलेल्या संघटनेने अपंगांच्या इतर संघटनांना सोबत घेऊन संयुक्त पत्र लिहिलं, सह्या जमवल्या, फोन आणि ईमेलचा सपाटा लावला. संस्था आधी म्हणाली, मोहीम चालूच राहील. १९ डिसेंबरला तिने ती गुंडाळली. तीन आठवडेही लागले नाहीत.

आता दुसरं उदाहरण बघा. सप्टेंबर २००९ मध्ये ऑटिझम स्पीक्स या ऑटिझमविषयी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने एक व्हिडिओ काढला. त्यात ऑटिझम स्वतःच बोलतो, तुमचा संसार मोडेन अशी धमकी देतो. निदर्शनं झाली, व्हिडिओ संकेतस्थळावरून उतरला. पण त्या संस्थेच्या संचालक मंडळावर पहिले ऑटिस्टिक सदस्य आले डिसेंबर २०१५ मध्ये! मधल्या काळात लेखक जॉन एल्डर रॉबिसन हे ऑटिस्टिक गृहस्थ तिथल्या विज्ञानविषयक मंडळावर होते. संस्थेची भाषा काही बदलेना, म्हणून २०१३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. सल्ला द्यायची खुर्ची आणि मजकूर अडवायचा अधिकार यांत किती अंतर असतं ते यावरून कळावं.

म्हणून तक्रारीचं पत्र लिहिताना मागणी नीट ठरवा. ‘भावना दुखावल्या’ असं लिहिलंत की दोन ओळींची दिलगिरी येते आणि फाइल बंद होते. त्याऐवजी नेमकं वाक्य किंवा दृश्य उद्धृत करा, व्हिडिओ असेल तर मिनिट-सेकंदासह. पत्र पाठवण्याआधी स्क्रीनशॉट, दुवा आणि तारीख जपून ठेवा, कारण पत्र पोहोचलं की मूळ मजकूर गायब होतो आणि मग ‘असं काही नव्हतंच’ हे ऐकावं लागतं. त्या चित्रणाचा परिणाम कुठे होतो तेही सांगा: नोकरीत, शाळाप्रवेशात, उपचारांच्या निर्णयात. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचं कलम ८ साचेबद्ध प्रतिमांविरुद्ध आहे आणि कलम ४(३) अपंगांच्या प्रातिनिधिक संघटनांशी सल्लामसलत करायला सांगतं. ही बंधनं सरकारांवर आहेत, तरी खासगी संस्थेला लिहिताना त्यांचा उल्लेख वजनदार ठरतो.

मग प्रश्न विचारा. हा मजकूर कुणी मंजूर केला? मंजूर करणाऱ्यांत अपंग किती? त्यांना मोबदला मिळाला का, की फुकटात ‘जरा बघून सांगा’? उत्तरासाठी तारीख द्या, दोन आठवडे पुरेत. पत्राची प्रत निधी देणाऱ्यांना आणि जाहिरात संस्थेलाही पाठवा. जनसंपर्क विभाग टोलवाटोलवी करतो, देणगीदाराच्या फोनला मात्र उत्तर द्यावंच लागतं.

ठरलेली उत्तरं येतील. ‘हेतू चांगला होता’ याला हेतूवर वाद घालू नका, मजकुरावर या. ‘आम्ही पालकांशी बोललो होतो’ असं म्हणाले तर ठीक, पालकांचं म्हणणं पालकांचं. ज्याचं चित्र काढलंय त्याला विचारलं का? ‘आमच्या व्हिडिओतल्या अपंग व्यक्तीला तो आवडला’ हे सगळ्यात फसवं. एका माणसाची संमती त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यापुरती असते. (आणि माफीनामा चित्राच्या रूपात टाकून त्यातलं लिखाण सोबत पर्यायी मजकूर म्हणून दिलं नाही, तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला तो वाचताच येत नाही. हेही होतं.)

दयेवर पैसा जमतो, हे मात्र खरं आहे, आणि त्यामुळेच या जाहिराती परत परत येतात. ब्रिटनमध्ये टेलिथॉन या टीव्हीवरच्या निधीसंकलनाविरुद्ध अपंग कार्यकर्ते १९९० आणि १९९२ मध्ये स्टुडिओबाहेर उभे राहिले. १९९२ नंतर तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही. तिथे लढाई एखाद्या दृश्याशी नव्हती, पैसा गोळा करायच्या पद्धतीशीच होती.

मोहिमा बहुतेक २ एप्रिल (जागतिक ऑटिझम जागरूकता दिन) किंवा ३ डिसेंबर (आंतरराष्ट्रीय अपंग दिन) यांच्या आसपास येतात. संहिता त्याआधी काही महिने मंजूर होते. डिसेंबरच्या मोहिमेबद्दल बोलायचं असेल तर पत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच त्यांच्या टेबलावर हवं, आणि त्यात एकच मागणी ठेवा: छपाईला जाण्याआधी मजकूर अपंगांच्या संघटनेकडे, नकाराधिकारासह.