ऑक्सिजननं हृदयाला भोक पडत नाही

कोल्हापुरातल्या घराघरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पेटीत ऑक्सिजन लावला की हृदयाला भोक पडतं, मग ऑपरेशन गळ्यात मारतात, फुफ्फुसंही जळतात. सातव्या महिन्यातलं बाळ तरतं, आठव्यातलं नाही. तेव्हा बाळ घरी आणा, शेक-धुरी द्या.

आधी भोकाचं बघू. कमी दिवसांच्या बाळात लोक ज्याला भोक म्हणतात, ते बऱ्याचदा हृदयाजवळची एक रक्तवाहिनी उघडी राहणं असतं; डॉक्टर त्याला 'पीडीए' म्हणतात. ती रक्तवाहिनी पोटातल्या प्रत्येक बाळाला असतेच. तिथं फुफ्फुसं कामाला लागलेली नसतात, म्हणून ती रक्त परस्पर महाधमनीत सोडते. जन्मल्यावर श्वास सुरू होतो, रक्तातला ऑक्सिजन वाढतो आणि त्यानंच ती आकसते. पूर्ण दिवसांच्या बाळात दोन-तीन दिवसांत बंद होते, कमी दिवसांच्या बाळात बऱ्याचदा उघडी राहते. म्हणजे मेसेजवाल्यानं कारण नेमकं उलटं धरलंय. हृदयाच्या पडद्यातलं खरं भोक तर गरोदरपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत, हृदय घडतानाच राहून गेलेलं असतं. तेव्हा कुठली आली पेटी?

ऑपरेशनचं म्हणाल, तर कितीतरी पीडीए आपोआप मिटतात. त्रास झाला तर आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊन बघतात. ऑपरेशन फार थोड्यांना लागतं. ब्रिटनमध्ये 653 बाळांवर झालेल्या, 2024 साली छापून आलेल्या चाचणीत सुरुवातीलाच आयबुप्रोफेन देऊनही मृत्यू किंवा फुफ्फुसाचा जुनाट आजार कमी झाला नाही. म्हणून हल्ली डॉक्टर बऱ्याचदा थांबून बघतात.

फुफ्फुसांच्या बाबतीत मात्र मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. जादा ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरचा दाब कोवळ्या फुफ्फुसांना इजा करतो, हे 1967 पासून माहीत आहे. म्हणूनच बाळाच्या पावलाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा तो लाल दिव्याचा पट्टा गुंडाळलेला असतो. ऑक्सिजन चालू असताना त्याचा आकडा 95 टक्क्यांच्या वर गेला की सिस्टर ऑक्सिजन कमी करतात, 90 च्या खाली आला की वाढवतात. गरज असताना तो बंदच केला तर बाळ दगावू शकतं.

सातवा-आठवा महिना ही निव्वळ भाकडकथा. पोटात जितके आठवडे जास्त, तितकं बरं.

राग येतो तो धुरीचा. ज्या फुफ्फुसांना साधी हवा पेलत नाही, त्यांना ओवा-वेखंडाचा धूर? ऊबच द्यायची तर आईनं बाळ उघड्या छातीशी धरावं. आजी, बाबांनीही धरावं. घरी आल्यावर बाळाला धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा दूध ओढताना कपाळावर घाम आला, तर शेगडी विझवा आणि सरळ सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, गाठा.