क्लोजिंगबद्दलच्या प्रतिक्रियेला माझं उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बर्गर-पिझ्झाच्या आउटलेटमध्ये मुली स्वतःच काउंटर मागून घेतात, क्लोजिंगला, म्हणजे रात्री आउटलेट बंद करायच्या शिफ्टला, नाही म्हणतात आणि मग मुलगा शिफ्ट मॅनेजर झाला की भेदभाव भेदभाव करतात, असं तुमचं म्हणणं.

मी पुण्यात डेक्कनजवळच्या एका आउटलेटला दीड वर्ष क्रूमध्ये होते. काउंटर मी मागितलं नव्हतं, पहिल्याच दिवशी रोस्टरवर माझं नाव तिथे आणि माझ्याबरोबर लागलेला मुलगा ग्रिलला. आठ तास उभं राहून हसायचं, सुट्टे घेताना मुद्दाम बोटं दाबणारा कस्टमर आला तरी हसायचं, आणि मॅनेजरला सांगितलं तर "सोड ना गं, कस्टमर आहे". दहा माणसं कामाला असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही संरक्षण द्यायची जबाबदारी मालकाची, हा 2013 चा कायदा मला नोकरी सोडल्यावर कळला. फ्राइज किती वेळ तळायच्या त्याचा चार्ट भिंतीवर होता, समितीचा कागद कुठेच नव्हता.

आता क्लोजिंग. कॅश टॅली, स्टॉक मोजणं, फ्रायर साफ करणं हे सगळं तिथेच शिकायला मिळतं, म्हणजे मॅनेजर व्हायची वाट तिथूनच जाते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची, असं आहे. बढतीत भेदभाव करायचा नाही हेही त्यातच आहे. मी स्वतःहून म्हटलं, क्लोजिंग करते, कात्रजपर्यंत ड्रॉप द्या. तर उत्तर आलं, एका मुलीसाठी गाडी परवडत नाही, आणि घरचे काय म्हणतील? अहो, आईने आधीच हो म्हटलं होतं! सहा महिन्यांनी प्रमोशनचा इंटरव्ह्यू झाला तेव्हा सांगितलं, तुला क्लोजिंगचा अनुभव नाही.

काही मुली नाही म्हणतात, हे खरंय. माझी कर्वेनगरची मैत्रीण नाही म्हणायची, पण रात्री बारानंतर रिक्षावाला येईल ना येईल, आला तर मागेल तेवढे द्यायचे, तिने हो म्हणावं तरी कशाच्या जोरावर? आणि मुलं तरी काय सुखात असतात, रात्री दीडला कुणाच्या तरी बाइकवर मागे बसून घरी जातात, त्यांनाही गाडी मिळायला पाहिजे.

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं आउटलेट सांभाळलं. त्या सहा वर्षांत "घरी सोडायला गाडी आहे, क्लोजिंग करशील का" असं किती मुलींना विचारलंत, तेवढं सांगा.