माणूस ठेवा, पत्ता देऊ नका

नाशकात फ्लॅट बुक केला असेल, अंबडला दोन लेथ टाकले असतील किंवा दिंडोरीकडे चार एकर द्राक्षं असतील, तर बाहेरगावच्या माणसाशिवाय आपलं पान हलत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. माणूस मिळतो. नाशिकरोडला पवन एक्स्प्रेस थांबली की मिळतो, गिरणाऱ्याला मजुरांच्या बाजारात सकाळी जाऊन उभं राहिलं की मिळतो. पंचाईत नंतर होते. आठ-दहा वर्षं झाली की त्याला वाटायला लागतं, आपण आता इथलेच. हे वाटणं वेळीच कसं आवरायचं, यावर अनुभवाचे चार शब्द.

सगळी मेख पत्त्यात आहे. पत्ता मिळाला की गॅस मिळतो, बँकेत खातं निघतं, मतदार यादीत नाव जातं, आणि मग माणूस नगरसेवकाला नावाने हाक मारतो. म्हणून चुंचाळ्याला किंवा अंबड लिंक रोडला तुमच्या खोल्या असतील, तर दहा बाय दहात सहा जण राहू द्या, दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे तिथेच आडवे होऊ द्या, भाडं रोख घ्या. पण पावती फाडू नका. त्याने भाडेकरार मागितलाच तर खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "अरे, तू तर घरच्यासारखा आहेस!" घरच्यांशी कुणी करार करतं का? आधारची झेरॉक्स मात्र पोलीस चौकीत नेऊन द्या. तो कुठे राहतो हे पोलिसांना ठाऊक असावं, तुम्हाला असावं. शाळेला आणि बँकेला कळायचं काही कारण नाही.

(सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'यूपी-बिहारवाल्यांना खोली नको' हा ठराव घ्यायचा असेल तर रामनवमीचा आठवडा टाळा. अयोध्येहून आलेल्या तिघांनी आपल्याच पंचवटीत, कुणाचीही ना-हरकत न घेता, पर्णकुटी बांधली होती, हे कुणीतरी म्हातारं मध्येच बोलून जातं आणि प्रसाद घशाखाली उतरत नाही.)

कायद्याची भीती बाळगू नका, फक्त पाढे पाठ ठेवा. परराज्यातल्या मजुरांसाठी १९७९ चा कायदा होता. पाच मजूर असले की तो लागू व्हायचा आणि मग ठेकेदाराने पासबुक द्या, विस्थापन भत्ता द्या, राहायला जागा द्या, असली कटकट. आता तो २०२० च्या कामगार संहितेत विरघळला, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि पाचाचे दहा झाले. तेव्हा प्रत्येक ठेकेदाराकडे नऊ. मेव्हण्याच्या नावावर नऊ, वहिनींच्या नावावर नऊ. नऊ आकडा शुभही असतो.

बांधकामवाल्यांनी नव्वदचा आकडा सांभाळायचा. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एकदा नाव लागलं की पोरांना शिष्यवृत्ती, बायकोच्या बाळंतपणाला पैसे, अपघाताला मदत. या सगळ्यासाठी उपकराचा एक टक्का तुम्ही भरताच, म्हणजे दुःख पैशाचं नाही. दुःख सही करण्याचं आहे. सही केली की तो आपल्याकडे होता हे सिद्ध होतं, आणि उद्या परांचीवरून पाय घसरला तर... असो. दाखला मागायला आला की ठेकेदाराकडे पाठवा. ठेकेदार मुकादमाकडे पाठवेल, मुकादम छठपूजेला गावी गेलेला असेल.

पोरांचं काय करायचं, असं हळव्या मनाचे लोक विचारतात. कागद नाही म्हणून पहिली ते आठवीच्या पोराला सरकारी शाळेने परत पाठवायचं नाही, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला आलेल्या आईबापांच्या पोरांसाठी तर शिक्षण हमी कार्डही आहे, म्हणजे गावची शाळा सुटली तरी इथल्या शाळेत बसता यावं. हे त्या आईबापांना सांगू नका एवढंच पुरे. बागेत पोरगी बरी दिसते. विरळणीला बारीक बोटं लागतात, आणि धाकट्याची झोळी हलवायला कुणी नको का?

आता भाषा. हा माझा आवडता भाग. वीस वर्षं झाली तरी याला मराठी येत नाही, असं मोठ्याने म्हणत राहा. तो तुमच्याशी मराठीत बोलू लागला की तुम्ही लगेच हिंदीत उत्तर द्या, "हां हां, वो उधर रख दो." म्हणजे तक्रार कायम टिकते. माझी भाची कॅनडात आहे. तिकडे कायम राहायला आलेल्याला आणि निर्वासिताला सरकारी खर्चाने भाषा शिकवतात. ताई हे फोनवर चार-चारदा सांगते, "बघ रे, किती माणुसकी आहे त्या लोकांत!" आणि फोन ठेवून खाली लादी पुसणाऱ्या सुनीलवर ओरडते की मराठी शिक आधी. नाशिक महापालिकेने संध्याकाळी सहा ते सात मराठीचा वर्ग काढावा, असं अजून कुणी सुचवलेलं नाही. तुम्हीही सुचवू नका. उद्या त्यांना खरंच मराठी आलं तर आपण बोलायचं कशावर?

खरं तर मला हे सांगायचा फारसा अधिकार नाही. माझे वडील पारोळ्याहून आले, सिडकोच्या तिसऱ्या स्कीममध्ये घर लागलं. आई दारात उभी राहून अहिराणीत बोलायला लागली की समोरची खिडकी बंद व्हायची. 'खान्देशी लोकांनी नाशिक भरलं' हे वाक्य मी शाळेत ऐकलंय. आता तेच वाक्य मी स्वतः म्हणतो, नाव तेवढं बदललंय. चाल तीच.

निर्वासितांच्या बाबतीत मात्र आपल्या पूर्वीच्यांनी मोठी चूक करून ठेवली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं देवळालीच्या छावणीत उतरली. ही तीच देवळाली, जिथे मायदेशाच्या बोटीची वाट बघत पडून राहिलेले गोरे सोल्जर डोक्याने फिरायचे आणि त्यावरून इंग्रजीत वेड्याला 'डुलाली' म्हणू लागले. तारीख न सांगता वाट बघायला लावली की माणूस कसा होतो, याचा धडा घरच्या घरी उपलब्ध होता. पण सरकारने सिंध्यांना रीतसर निर्वासित म्हणून नोंदवलं, कर्जं दिली, जागा दिल्या. परिणाम तुम्ही बघताच आहात: दिवाळीचं कापड आपण त्यांच्याकडूनच घेतो.

पुढे देशाने काळजी घेतली. १९५१ च्या निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण सही केलेली नाही, आणि निर्वासित कुणाला म्हणायचं हे सांगणारा स्वतंत्र कायदाही केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सांगितलं की कलम २१ मधला जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. न्यायालयं असं बोलतात. आपण भाषा ऐकून निकाल द्यावा. कुणी बंगाली बोलला की बांगलादेशी. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात धरलेल्या बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं, मग ते भारतीय निघाले आणि परत आणावं लागलं. आधी घालवा, मग तपासा, वेळ वाचतो. सराफ बाजारात माळ्यावर पाय दुमडून बसलेल्या बंगाली कारागिराला यातून वगळा. लग्नसराईत मंगळसूत्र वेळेवर मिळायला हवं.

अधूनमधून शहर रिकामं करून बघायलाही हरकत नाही. २००८ च्या फेब्रुवारीत, उत्तर भारतीयांविरुद्धच्या आंदोलनात, केलं होतं; नाशिकरोडला फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढचा प्रयोग विषाणूने केला. हजारो माणसं मुंबई-आग्रा महामार्गाने, कसाऱ्याचा घाट चढून, पोरं खांद्यावर घेऊन आपल्या शहरावरून चालत गेली. शेवटी महाराष्ट्रातली पहिली श्रमिक गाडी नाशिकरोडहून भोपाळला सुटली, तारीख १ मे २०२०. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच मुहूर्तावर साजरे करणारं दुसरं शहर मला माहीत नाही. कुलूप उघडल्यावर तेच मालक तिकिटं काढून त्यांना परत बोलावत होते, ते सोडा. फोनवर पहिला प्रश्न आपण विचारायचाच, "घरचे बरे आहेत ना?" पत्ता कधीच विचारला नव्हता, त्यामुळे घर कुठे हे ठाऊक नसतं, पण विचारायचं.

कुणी म्हणेल, एवढ्या बाहेरच्या लोकांची सोय करायला नाशिकला जमणार कसं? या माणसाला हळूच बाजूला घ्या, कारण कुंभमेळ्याला तपोवनात साधुग्राम उभं राहतं हे त्याला आठवेल. दर बारा वर्षांनी लाखो परक्या माणसांसाठी आपण नळ टाकतो, दिवे लावतो, शौचालयं बांधतो, दवाखाना उघडतो, हरवलेल्यांची नावं ध्वनिक्षेपकावरून पुकारतो. कुठून आलात, भाषा कोणती, भाडेकरार आहे का, कुणी विचारत नाही. २०२७ ची तयारी सुरू आहे. हे नळ टाकणारा गडी रात्री कुठे झोपतो, कुठे संडासला जातो, ही चौकशी तेवढी सिंहस्थानंतर करू.

राहता राहिला तुमचा फ्लॅट. इमारत उभी राहीपर्यंत मजुराची पत्र्याची खोली त्याच प्लॉटवर असते. तिथे टपाल येत नाही, कारण त्या जागेला अजून नाव नाही. शाळेच्या फॉर्मवर पोरगी विचारते, "पत्ता क्या लिखूं?" बाप सांगतो, "बिल्डिंग का काम चालू है, वही लिख." मग इमारतीला नाव लागतं, कमानीवर पितळी अक्षरं बसतात, पत्ता तयार होतो. त्या आठवड्यात पत्रे उचलायचे.

कधीतरी तो परत येईल. गळकी टाकी बघायला वगैरे. गेटवर वॉचमनच्या वहीत सही करावी लागेल. वॉचमन त्याच्याच जिल्ह्यातला असेल, पण ओळख दाखवणार नाही, नोकरी आहे. नाव लिहील. 'कुठून आलात'च्या रकान्यात गावाचं नाव लिहील. 'कोणाकडे' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबेल. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब त्याने स्वतः टाकलाय, वर बघत तो मजले मोजेल. तुम्ही गॅलरीत असाल तर जरा आत व्हा.